सिमेंटमधील गुन्हेगाराचा शोध

बांधकामावरील गवंडी आणि बिगारी यांच्या हातांवर भेगा, खाज, कधी लस गळणारे फोड दिसतात. यातील काही त्रास सिमेंटच्या तीव्र अल्कधर्मी गुणामुळे होतो. ओल्या सिमेंटने कोणाचीही कातडी भाजू शकते. परंतु काही कामगारांची गोष्ट निराळी असते. कित्येक वर्षे सिमेंट कालवूनही काही न झालेल्या माणसाला एकाएकी त्रास सुरू होतो आणि मग थोडासा संपर्कही पुरेसा ठरतो. ही अ‍ॅलर्जी होय. शरीराची प्रतिकारयंत्रणा एखाद्या पदार्थाला एकदा शत्रू मानू लागली, की ती ओळख बहुधा जन्मभर टिकते. मलमाने दाह उतरतो, ओळख मात्र पुसली जात नाही. गवंड्याच्या दृष्टीने याचा अर्थ हातचा धंदा जाणे.

मग अशा रोगाच्या डॉक्टरांनी करायचे काय? स्वीडनचे त्वचारोगतज्ज्ञ सिगफ्रिड फ्रेगर्ट यांच्या कामातून याचे उत्तर मिळते. म्हणून त्यांची ओळख आम्ही येथे करून देत आहोत.

या शाखेचे मुख्य साधन १८९५ साली जर्मन डॉक्टर योझेफ याडासोन यांनी मांडले. संशयित पदार्थ अल्प प्रमाणात पट्टीखाली पाठीवर लावायचा, दोन दिवसांनी पट्टी काढायची आणि पुढचे काही दिवस ती जागा पाहायची. तेथे लाली व पुरळ उठले, तर गुन्हेगार सापडला. याच चाचणीने १९५० साली स्वित्झर्लंडमध्ये असे दिसले, की सिमेंटची अ‍ॅलर्जी असलेल्यांची त्वचा डायक्रोमेटला प्रतिसाद देते. म्हणजे दोष सिमेंटमधील क्रोमियमचा.

सिमेंटमध्ये क्रोमियम येते कोठून? कच्च्या मालात ते अत्यल्प असतेच. भट्टीतील सुमारे १४५० अंश सेल्सिअस तापमानात त्याच्या काही भागाचे ऑक्सिडीकरण होऊन षट्‌संयुजी क्रोमियम बनते. ते पाण्यात विरघळते व त्वचेत शिरते. त्रिसंयुजी क्रोमियम मात्र ओल्या सिमेंटमध्ये जवळजवळ विरघळत नाही, म्हणून ते सहसा आत जात नाही.

फ्रेगर्ट यांनी त्वचारोग विभागात रसायनशास्त्राला मानाचे स्थान दिले. १९७४ साली त्यांनी या विषयावर हस्तपुस्तिका लिहिली. इपॉक्सी रेझिनमधील नेमका कोणता रेणू अ‍ॅलर्जी आणतो, हेही त्यांनी व सहकाऱ्यांनी दाखवले. रुग्णाला ‘सिमेंटपासून दूर राहा’ एवढे सांगून ते थांबले नाहीत. सिमेंटच बदलता येईल का, हा प्रश्न त्यांनी विचारला. १९७९ साली त्यांनी व सहकाऱ्यांनी उपाय प्रसिद्ध केला : सिमेंटमध्ये किंचित फेरस सल्फेट मिसळायचे. तीन फेरस आयन प्रत्येकी एक इलेक्ट्रॉन देतात आणि षट्‌संयुजी क्रोमियमच्या एका अणूचे त्रिसंयुजीत क्षपण होते. शाळेत शिकवतो तीच रेडॉक्स अभिक्रिया!

डेन्मार्कने १९८१ पासून सिमेंटमध्ये फेरस सल्फेट घालण्यास सुरुवात केली. पुढील वर्षांत तेथील कामगारांतील क्रोमियमची अ‍ॅलर्जी घटली. ज्यांना ती आधीच जडली होती, त्यांना मात्र फारसा लाभ झाला नाही. प्रतिबंध वेळेवर हवा तो यासाठीच. २००५ पासून युरोपीय संघात सिमेंटमधील विद्राव्य षट्‌संयुजी क्रोमियमला दशलक्ष भागांत दोन भाग अशी मर्यादा आहे.

या उपायाला दोन मर्यादा आहेत. दमट हवेत साठवणीत फेरस आयनांचेच ऑक्सिडीकरण होते, म्हणून अशा सिमेंटच्या गोणीवर मुदत द्यावी लागते. शिवाय अल्कलीचा दाह तसाच राहतो. हातमोजे आणि हात धुण्यास स्वच्छ पाणी यांना पर्याय नाही.

शिक्षकांना हे वर्गात दाखवता येईल. आम्लयुक्त पोटॅशियम डायक्रोमेटच्या नारिंगी द्रावणात फेरस सल्फेट घातले, की ते हिरवे होते. डायक्रोमेट विषारी व कर्करोगकारक असल्याने प्रयोग शिक्षकांनीच हातमोजे घालून, अगदी थोड्या द्रावणावर करावा आणि द्रावण मोरीत ओतू नये. रंग बदलताना विद्यार्थ्यांना एवढेच सांगावे, की याच अभिक्रियेने अनेक गवंड्यांचे हात वाचले.