सिकलसेल : गोळ्या मिळाल्या, दाखल्याचे काय?

चोपडा, यावलपासून शिरपूरपर्यंत सातपुड्याच्या पायथ्याच्या आदिवासी पाड्यांना सिकलसेल नवा नाही. लाल रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडासांध्यांत असह्य कळा येतात. फोलिक अ‍ॅसिड, हायड्रॉक्सीयुरिया, गरजेला रक्त, एवढे डॉक्टर देतात. पण दर दुखण्याला मजुरी बुडते, मुलाची शाळा तुटते. त्यावर गोळी नाही.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने सिकलसेलला दिव्यांगत्वाच्या यादीत घेतले आहे. तपासणीत ठरलेल्या टक्केवारीप्रमाणे प्रमाणपत्र आणि सवलती मिळतात. प्रमाणपत्राचा निर्णय पटला नाही तर अपीलही करता येते. हे पाड्यावर कोण सांगणार? आधारवर एक नाव, रेशनकार्डावर दुसरे, जातीचा दाखला काढलेलाच नाही, अशा घरात कागद वैद्यकीय अहवालाआधीच अडतो.

अमेरिकेत बोस्टनच्या बालरोगतज्ज्ञांना 1993 मध्ये हेच उमगले. दम्याची मुले औषधाने बरी होत आणि ओल आलेल्या घरात जाऊन पुन्हा आजारी पडत. घरमालकाला कायद्याने दुरुस्ती करायला लावणारा वकील त्यांनी दवाखान्यातच आणला.

आपल्याकडे वकिलासाठी पैसेही लागत नाहीत. 1987 च्या विधी सेवा कायद्यानुसार अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला आणि कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, मोफत मदत मिळते. तीत कोर्टातली केसच नव्हे, साधा सल्लाही येतो. मानसिक आरोग्य कायद्याने (2017) तर एक पाऊल पुढे टाकले : मोफत कायदेशीर मदत मिळते हे रुग्णाला सांगणे तिथे संबंधित डॉक्टरचेच कर्तव्य आहे. मग सिकलसेलच्या रुग्णाला का नाही?

राजीव गांधी जीवनदायी योजना (आताची महात्मा फुले योजना) 2012 मध्ये पहिल्यांदा सुरू झाली त्या आठ जिल्ह्यांत धुळेही होता. कागद जुळवून घेणारे ‘आरोग्यमित्र’ दवाखान्यात बसू लागले ते या योजनेमुळेच. त्यांच्या शेजारी आठवड्यातून एक दिवस विधी सेवेच्या स्वयंसेवकाला टेबल द्यायला नवी इमारत लागत नाही. धुळे आणि जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत हे आधी करून पाहावे.

तोवर जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरण किंवा तालुका विधी सेवा समिती गाठा. फोनवर विचारायचे असेल तर क्रमांक 15100. जाताना रक्ततपासणीचा अहवाल आणि असतील ते सगळे कागद, नावे जुळत नसली तरी, सोबत ठेवा.