तोबऱ्यापासून खुरापर्यंत (पोटातली वस्ती : लेखांक ७)

लग्नसराईत वरात आटोपून घोडी ठाणावर परत येते तेव्हा रात्रीचा एक वाजून गेलेला असतो. संध्याकाळपासून बँडच्या दणदणाटात उभी, पाणी जेमतेम, चाऱ्याची काडी नाही. मालकाला तिची दया येते. तो रोजच्या दुप्पट-तिप्पट चंदी तोबऱ्यात ओततो, वर गुळाचा मोठा खडा. सकाळी घोडी जरा मलूल दिसते, लीद पातळ टाकते. दमली असेल म्हणून सोडून दिले जाते. तिसऱ्या दिवशी ती पुढचे पाय पुढे ताणून आणि सगळा भार मागच्या पायांवर टाकून उभी असते, पाऊल उचलायला तयार नसते. मग नालबंदाला निरोप जातो, पायांना तेल चोळले जाते. आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला.

मागच्या लेखांकात गायीचे पोट पाहिले. गायीने आपले सूक्ष्मजीव पुढच्या दारी ठेवले आहेत, घोड्याने परसात. गाय जे खाईल ते आधी सूक्ष्मजीवांच्या हाती पडते आणि उरलेसुरले तिच्या वाट्याला येते. घोड्याचा कारभार उलटा. त्याचे जठर ८ ते १५ लिटरचे, म्हणजे एवढ्या मोठ्या धुडाच्या मानाने अगदीच किरकोळ. पुढे वीसेक मीटर लहान आतडे आणि त्याच्याही पुढे खरी वस्ती : सीकम नावाची मीटरभर लांबीची पिशवी आणि तिच्यापुढचे घडी घालून बसवलेले मोठे आतडे. दोन्ही मिळून शंभर लिटरच्या घरात. सीकमची रचना तर विचित्रच आहे. आत शिरायचे आणि बाहेर पडायचे, दोन्ही दरवाजे वरच्या टोकाला, शेजारी-शेजारी.

हे सगळे ऐकताही येते. एकदा एका पशुवैद्यांनी माझ्या कानाला स्टेथोस्कोप लावून त्याचे दुसरे टोक घोड्याच्या उजव्या कुशीत, मागच्या बरगडीच्या पाठीमागे वरच्या बाजूला टेकवले. आधी नुसतीच गुरगुर. मग अचानक, घागर एका दमात उपडी करावी तसा खळाळ. लहान आतड्यातला ऐवज सीकममध्ये कोसळत होता. निरोगी घोड्यात हा खळाळ मिनिटा-दोन मिनिटांनी येत राहतो. ‘हा थांबला, की आमची झोप उडाली,’ असे ते म्हणाले.

या वस्तीत जिवाणू आहेत, बुरशी आहे, एकपेशीय प्राणी आहेत. गवतातला जो काडीचा भाग घोड्याला स्वतःला पचवता येत नाही, तो ही मंडळी आंबवतात आणि त्यातून लहान लहान मेदाम्ले तयार होतात. ती आतड्यातून रक्तात जातात. चाऱ्यावर राहणाऱ्या घोड्याची निम्म्याहून अधिक ऊर्जा अशी येते. घोडा धावतो तो बराचसा या भाडेकरूंच्या कमाईवर.

चंदी मात्र या मंडळींसाठी नसतेच. हरभरा, मका, जव, ओट्स यांतला स्टार्च लहान आतड्यातच पचून संपायला हवा. पण तिथले स्टार्च पचवणारे विकर घोड्याजवळ थोडे, आणि अन्न तिथून सरकते भराभर. इथेच घोडे पेंड खाते. थोडी चंदी असेल तर निभते. तोबरा भरून दिली, की न पचलेला स्टार्च काही तासांत परसातल्या वस्तीत जाऊन पडतो.

तिथे काही जिवाणू अशा मेजवानीची वाटच पाहत असतात. स्ट्रेप्टोकोकस आणि लॅक्टोबॅसिलस झपाट्याने वाढतात आणि लॅक्टिक आम्ल तयार करतात. सीकममध्ये जणू विरजण लागते. एरवी सातच्या जवळपास असणारा तिथला सामू सहाच्या खाली घसरतो. काडी पचवणाऱ्या जिवाणूंना आंबट वातावरण मानवत नाही, ते मरू लागतात. मरताना त्यांच्या कवचातले विषारी तुकडे मोकळे होतात आणि आम्लाने पोळलेल्या आतड्याच्या अस्तरातून नको ते रक्तात झिरपते. घोड्याला ओकून मोकळेही होता येत नाही. त्याला वांती होतच नाही.

आता खूर. घोड्याचे खुरातले हाड खुराच्या भिंतीला आतून टांगलेले असते. वहीच्या पानांसारखे सुमारे ५५० ते ६०० पापुद्रे हाडाकडून आणि तितकेच भिंतीकडून येऊन एकमेकांत गुंफलेले असतात. पोटातल्या उलथापालथीनंतर दीड-दोन दिवसांत ही गुंफण सैल होऊ लागते. यालाच लॅमिनायटिस म्हणतात. १९७५ साली अमेरिकेत संशोधकांनी घोड्यांना नळीवाटे भरपूर स्टार्च पाजून हा आजार मुद्दाम घडवून दाखवला. नुसते ते विषारी तुकडे टोचले तर मात्र तो तसा होत नाही, म्हणजे गुन्हेगार एकटा नाही. परदेशातल्या गुबगुबीत पोनींना होणारा लॅमिनायटिस बहुतेकदा इन्सुलिनच्या गडबडीतून येतो, ती वाट वेगळी. आपल्या वरातीच्या घोडीची वाट तोबऱ्यातूनच जाते. घोडीने जास्त चंदी खाल्ल्याचे लगेच कळले, तर लंगडण्याची वाट न पाहता डॉक्टरांना बोलवावे. तोवर चारही पाय बर्फाच्या पाण्यात ठेवावेत, आणि एखादा तास ठेवून काढू नयेत. गुंफण वाचवण्याच्या उपायांत हा उपाय प्रयोगांमध्ये चांगला उतरला आहे.

मग चंदी द्यायची किती? अलीकडचा सावध हिशेब असा, की एका वेळी वजनाच्या दर किलोमागे १ ग्रॅमपेक्षा जास्त स्टार्च नको. ३५० किलोची घोडी धरली तर ३५० ग्रॅम. मक्यात दोन-तृतीयांश स्टार्च, म्हणजे अर्धा किलो मका झाला, की मर्यादा संपली. हरभरा भिजवला म्हणून त्यातला स्टार्च कमी होत नाही, हेही अनेकांना सांगावे लागते. आधी चारा, मग चंदी, आणि तीही दिवसातून तीन-चार वेळा विभागून. शिवाय एक किलो वाळले गवत खायला घोडा तीनेक हजार वेळा चावतो, तर किलोभर ओट्सना हजारही नाही. घोड्याला लाळ सुटते ती फक्त चावताना.

चारा बदलायचा तोही दहा-पंधरा दिवस घेऊन. नव्या चाऱ्याला नवे कामगार लागतात आणि ते एका रात्रीत येत नाहीत. काही प्रतिजैविके तर सगळी वस्तीच उठवतात. माणसांना सर्रास दिले जाणारे क्लिंडामायसिन घोड्याला जीवघेणी हगवण लावू शकते, म्हणून घरातल्या गोळ्या त्याच्यावर चालवू नयेत. बिघडलेल्या पोटावर प्रोबायोटिकची पुडी हा सध्याचा लाडका इलाज. माझा त्यावर फारसा विश्वास नाही. २००५ साली कॅनडात घोड्याच्याच आतड्यातून निवडलेला लॅक्टोबॅसिलस शिंगरांना पाजून पाहिला, तर ज्यांना तो पाजला त्यांनाच हगवण जास्त लागली.

शिंगरू स्वतः जे करते ते जास्त शहाणपणाचे आहे. आठ-पंधरा दिवसांचे पिल्लू आईची ताजी लीद खाताना दिसले, की मोतद्दार ‘हट्’ म्हणून त्याला हाकलतो. हाकलू नये, फक्त आईला जंताचे औषध वेळेवर द्यावे. पिल्लू वस्तीचे बियाणे गोळा करत असते. मोठा घोडा मात्र लिदीतून बरेच काही गमावतो. वस्तीतल्या जिवाणूंच्या अंगातले प्रथिन शोषायला लहान आतडे हवे आणि ते तर मागेच राहिलेले असते. सशाचीही वस्ती अशीच परसात आहे, पण त्याने यावर तोड काढली आहे. तो रोज आपल्या काही मऊ लेंड्या बाहेर पडतानाच तोंडाने उचलून पुन्हा गिळतो. पुढच्या आठवड्यात ससा.