विश्लेषण : जुन्या गोदामातून ‘हाऊस’ संगीत जगभर कसे गेले?

शिकागोतील २०६, साऊथ जेफरसन स्ट्रीट येथील जुन्या औद्योगिक इमारतीला २०२३ मध्ये शहराने वारसा वास्तूचा दर्जा दिला. या इमारतीत पूर्वी ‘वेअरहाऊस’ नावाचा क्लब होता. फ्रँकी नकल्स हे तिथले डीजे. त्यांना ‘गॉडफादर ऑफ हाऊस’ का म्हणतात?

हाऊस संगीत म्हणजे काय?

चार मात्रांचा ठेका आणि प्रत्येक मात्रेवर बास ड्रमचा ठोका, हा हाऊसचा पाया. वेग मिनिटाला साधारण १२० ते १३० ठोके. त्यावर सिंथेसायझर, पियानो आणि अनेकदा चर्चमधल्या गॉस्पेल गायनाची आठवण करून देणारा आवाज.

नकल्स यांची सुरुवात कशी झाली?

जन्म १८ जानेवारी १९५५, न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात. त्यांनी शिक्षण घेतले ते वस्त्रांच्या डिझाइनचे. पण मित्र लॅरी लेव्हानसोबत ते क्लबांकडे ओढले गेले. ‘द गॅलरी’ या क्लबमध्ये दोघांनी सजावटीसारखी कामे केली आणि निकी सियानो या डीजेची पद्धत जवळून पाहिली. ‘कॉन्टिनेन्टल बाथ्स’ या समलिंगी पुरुषांच्या ठिकाणी दोघेही रेकॉर्ड वाजवू लागले.

शिकागोला जाणे कसे घडले?

रॉबर्ट विल्यम्स यांना शिकागोतील आपल्या क्लबसाठी खरे तर लेव्हान हवे होते. त्यांनी नकार दिला आणि १९७७ मध्ये नकल्स तिकडे गेले. तिथे येणारे बहुतेक जण कृष्णवर्णीय आणि लॅटिनो, त्यातही समलिंगी तरुण अधिक. इतरत्र दारातच अडवले जाण्याची धास्ती असलेल्यांना ही हक्काची जागा होती.

त्यांच्यावर कोणाचा प्रभाव होता?

सर्वात मोठा प्रभाव फिलाडेल्फियाच्या सोल संगीताचा. केनी गॅम्बल आणि लिऑन हफ यांच्या निर्मितीतील व्हायोलिनचा ताफा आणि भरदार ठेका नकल्स यांना प्रिय होता. त्याच्या जोडीला ‘सॅलसोल’ कंपनीची डिस्को गाणी आणि युरोपातले यांत्रिक संगीत. इटालियन संगीतकार जॉर्जिओ मोरोडर यांनी १९७७ मध्ये डोना समरसाठी केलेले ‘आय फील लव्ह’ जवळपास पूर्णपणे सिंथेसायझरवर उभे होते. माणसाच्या गळ्यातली आर्तता आणि यंत्राचा न थकणारा ठेका यांचा मेळ ही पुढे हाऊसची ओळख ठरली.

मग डिस्कोचे काय झाले?

१२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्याच कॉमिस्की पार्क मैदानात बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मध्ये डिस्को रेकॉर्डचा ढीग स्फोटाने उडवण्यात आला. जमाव मैदानात घुसला आणि दुसरा सामना होऊच शकला नाही. या रागामागे कृष्णवर्णीय आणि समलिंगी लोकांविषयीचा द्वेषही होता, असे अनेक अभ्यासक मानतात. त्यानंतर बड्या कंपन्यांनी डिस्कोकडे पाठ फिरवली.

वेअरहाऊसमध्ये नाचायला येणारे मात्र कमी झाले नव्हते. त्यांच्यासाठी नवी गाणी आणायची कुठून? नकल्स यांनी जुनीच गाणी टेपवर घेतली, टेप कापून पुन्हा जोडली, नाचायला सोयीचे तुकडे लांबवले. पुढे ड्रम मशीनचा ठेकाही जोडीला आला. टंचाईवर काढलेला हा तोडगाच नव्या संगीताचा पाया ठरला.

‘हाऊस’ हे नाव कुठून आले?

सर्वाधिक सांगितली जाणारी हकिगत अशी, की शिकागोतील रेकॉर्डच्या दुकानात ग्राहक ‘वेअरहाऊसमध्ये वाजते ते’ मागत. बोलता बोलता त्याचे ‘हाऊस’ झाले.

पुढे काय घडले?

१९८२ मध्ये नकल्स वेअरहाऊसमधून बाहेर पडले आणि त्यांनी ‘पॉवर प्लांट’ हा स्वतःचा क्लब काढला. जेमी प्रिन्सिपल यांच्यासोबतचे ‘युअर लव्ह’ आणि १९९१ चे ‘द व्हिसल साँग’ गाजले. १९९८ मध्ये त्यांना सर्वोत्कृष्ट रिमिक्सरचे ग्रॅमी मिळाले. या गटातला तो पहिलाच पुरस्कार. २००४ मध्ये क्लबसमोरच्या रस्त्याला त्यांचे नाव देण्यात आले. ३१ मार्च २०१४ रोजी, वयाच्या ५९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

डिस्को जिथे ‘संपवला’ गेला, ते कॉमिस्की पार्क १९९१ मध्ये पाडण्यात आले. वेअरहाऊसची इमारत मात्र अजून उभी आहे.