मीटरवरची सरळ रेषा

मुंबईहून निघालेली उद्यान एक्स्प्रेस बंगळूरूला पोहोचली की नवख्या प्रवाशाची पहिली गाठ पडते ती रिक्षाचालकांशी. एकजण मीटरवर तीस रुपये जास्त मागतो, दुसरा मीटरच्या दीडपट. यांतला स्वस्त कोणता, हे हातातले सामान सावरतच ठरवावे लागते. शाळेत शिकलेले रेषीय समीकरण अशा वेळी उपयोगी पडते.

१ ऑगस्ट २०२५ पासून बंगळूरूत रिक्षाचे अधिकृत भाडे पहिल्या दोन किलोमीटरना ३६ रुपये आणि पुढच्या प्रत्येक किलोमीटरला १८ रुपये असे ठरले. अंतर क्ष आणि भाडे य मानल्यास अनेकजण घाईघाईने य = १८क्ष + ३६ असे मांडून मोकळे होतात. त्या हिशेबाने चार किलोमीटरचे १०८ रुपये होतील. मीटर मात्र ७२ दाखवतो. कारण ३६ रुपयांत पहिले दोन किलोमीटर अगोदरच आलेले असतात. खरे समीकरण य = ३६ + १८(क्ष – २), म्हणजेच य = १८क्ष.

आलेख काढला की हे अधिक स्पष्ट होते. आडव्या अक्षावर एक किलोमीटर पुढे गेल्यास रेषा १८ रुपयांनी वर चढते. हा तिचा चढ. रेषा मागे वाढवली तर उभ्या अक्षाला ती शून्यावरच मिळते. हा तिचा छेदबिंदू. पहिल्या दोन किलोमीटरपुरती तेवढी ३६ च्या उंचीवर आडवी रेघ असते, तिचा चढ शून्य. किमान भाडे म्हणजे छेदबिंदू नव्हे, ही गोष्ट पाठ्यपुस्तकातल्या तयार उदाहरणांत सहसा लक्षात येत नाही. २०१३ मध्ये १.९ किलोमीटरना २५ रुपये व पुढे १३ रुपये असा दर होता. तेव्हा छेदबिंदू अवघा तीस पैशांवर होता! पुढे २०२१ मध्ये १५ आणि २०२५ मध्ये १८, अशी भाडेवाढ झाली ती मुख्यतः चढातच.

आता ते दोन रिक्षाचालक. तीस रुपये जास्त म्हणजे य = १८क्ष + ३०; चढ तोच, संपूर्ण रेषा तीसने वर सरकलेली, मूळ रेषेला समांतर. दीडपट म्हणजे य = २७क्ष; छेदबिंदू शून्यच, पण चढ तीव्र. दोन्ही रेषा क्ष = ३⅓ येथे भेटतात. तीन किलोमीटरला दीडपट स्वस्त, ८४ ऐवजी ८१ रुपये. दहा किलोमीटरला मात्र २७० रुपये, तर दुसरीकडे २१०. (रात्री दहा ते पहाटे पाच दीडपट भाडे नियमातच आहे, दिवसा दोन्ही मागण्या नियमबाह्य.)

कर्जाची चौकशी करताना ग्राहकापुढे हाच पेच असतो. समजा, एक लाखाच्या कर्जावर एका ठिकाणी प्रक्रिया शुल्क ५०० रुपये व सरळव्याज १० टक्के, तर दुसरीकडे शुल्क २,००० रुपये व व्याज ९ टक्के. शुल्क हा छेदबिंदू, वर्षाचे व्याज हा चढ. दोन्ही खर्च दीड वर्षाला समान होतात. एका वर्षासाठी पहिले कर्ज ५०० रुपयांनी स्वस्त, तीन वर्षांसाठी दुसरे १,५०० रुपयांनी. काउंटरवर मात्र बहुतेकांची नजर शुल्कावरच खिळते.

हे गणित सरळव्याजापुरतेच. मासिक हप्त्यांनी मुद्दल घटत गेले, किंवा ठेवीवर चक्रवाढ व्याज मिळू लागले, की रेषा वाकते आणि तिचा चढ जागोजागी बदलतो.