वेरूळ: लेण्यांपलीकडचे गाव

वेरूळ म्हटले की लेणी आठवतात, गाव आठवत नाही. खुलताबाद तालुक्यातल्या या गावाबद्दल, आणि एकूणच गावकारभाराबद्दल, ऐकीव समजुती फार.

पाटील म्हणजे गावचा राजा, ही त्यातली सर्वांत जुनी. वेरूळची पाटिलकी भोसल्यांची. बाबाजी भोसले इथले पाटील; त्यांचे पुत्र मालोजी निजामशाहीच्या चाकरीत नावारूपाला आले, घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार त्यांनी केला. शिवरायांचे ते आजोबा. पण घराण्याला राजेपण मिळाले ते तलवारीच्या जोरावर. पाटिलकी ही जबाबदारीच जास्त होती. सारा वसूल करून सरकारात भरायचा, तंटे गोतसभेपुढे न्यायचे, कुलकर्ण्याने लिहिलेल्या हिशेबाला उत्तर द्यायचे. सारा थकला की पहिला जाब पाटलाला. १९६२च्या कायद्याने वंशपरंपरेची मुलकी पाटिलकी गेली. आजचा पोलीस पाटील नेमला जातो. ते पद वारशाने मिळत नाही.

लेणी गावात, म्हणून तिकिटाचा गल्ला ग्रामपंचायतीचा, असेही अनेकांना वाटते. तसे नाही. चौतीस लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहेत. पंचायतीची भिस्त घरपट्टी, पाणीपट्टी आणि वित्त आयोगाच्या निधीवर.

सर्वांत महागात पडणारा गैरसमज नमुना ८चा. या उताऱ्यावर मिळकत क्रमांक असतो, मालकाचे आणि भोगवटादाराचे नाव असते, पुढे घरपट्टी, दिवाबत्ती कर, आरोग्य कर. खाली सही-शिक्का. एवढे पाहून लोक आयुष्याची पुंजी घालून घर घेतात. पण ती कर आकारणीची नोंद आहे. तेवढ्याने मालकी सिद्ध होत नाही. सातबारा तर महसूल खात्याचा, त्यावर सरपंचाची सही चालत नाही. घर घेण्याआधी नोंदणीकृत खरेदीखत पाहाच.

आणि सरपंच म्हणजेच ग्रामपंचायत?  तसे नाही. १९५८च्या ग्रामपंचायत कायद्यात ग्रामसभेला मोठे स्थान आहे. मतदारयादीत नाव असलेला प्रत्येक जण तिचा सभासद. वर्षातून किमान चार सभा, आणि त्याआधी महिलांची स्वतंत्र सभा. मला हीच तरतूद सर्वांत मोलाची वाटते, कारण पाण्याच्या टाकीपासून घरकुलाच्या यादीपर्यंत सारे तिथे विचारता येते. गणपूर्तीला पंधरा टक्के मतदार किंवा शंभर, यांतली कमी असेल ती संख्या पुरते. तेवढेही न जमले तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. तिथे मोजक्यांनी केलेला ठराव घरी बसलेल्यांनाही लागू होतो.