नाक सुधारताना श्वास सांभाळा

किल्लारीत 30 सप्टेंबर 1993 ची पहाट ज्यांनी पाहिली, त्यांना एक गोष्ट शिकवावी लागत नाही: आधार गेला की वरचे छप्पर खाली येते. दगडमातीच्या भिंती ढासळल्या आणि जड माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. नाकाचेही असेच आहे.

आमच्या भाचीच्या नाकाला लहानपणी पडून मार लागला होता. नाक वाकडे झाले, वर उंचवटा आला, रात्री ती तोंडाने श्वास घेते. स्थळे येऊ लागली तशी आपा म्हणाल्या, "तेवढा उंचवटा तासून घेता येईल का?" भाची हळूच म्हणाली, "खाला, मला आधी नीट झोप हवी."

दोघींचे म्हणणे एकाच शस्त्रक्रियेत साधू शकते, पण आधार सांभाळला तरच. दोन नाकपुड्यांमधला पडदा म्हणजे नाकाची मधली भिंत. वाकडा भाग काढताना सर्जन वरच्या आणि पुढच्या कडेची सुमारे 1 सेंटीमीटर रुंद पट्टी शाबूत ठेवतात. ती गेली तर नाक मध्येच बसते. उंचवटा नुसता तासला तर आतली वाट अरुंद होऊ शकते. म्हणून गरजेप्रमाणे पडद्याच्या दोन्ही बाजूंना कूर्चेच्या, म्हणजे मऊ हाडाच्या, बारीक पट्ट्या बसवतात. ही कूर्चा पडद्यातून, कानातून किंवा बरगडीतून घेतात. काही नाकांत माथा न तासता त्याच्या खालचा भाग कमी करून अख्खा माथा खाली उतरवतात.

ही काळजी नवी नाही. टिपू सुलतान आणि इंग्रजांच्या लढाईत कैद होऊन नाक गमावलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला पुण्यात कपाळाच्या कातडीचे नाक बसवले गेले. 1794 साली लंडनच्या मासिकात ही हकीकत छापून आली. नाकपुड्या उघड्या राहाव्यात म्हणून त्या वैद्याने दहाव्या दिवसाच्या सुमारास त्यांत मऊ कापडाच्या गुंडाळ्या घातल्या होत्या. नुसते नाक दिसून भागत नाही, हे त्याला ठाऊक होते.

आपांना दुसरी शंका होती: हे दीनमध्ये चालते का? अबू दाऊद आणि तिर्मिजीच्या हदीससंग्रहांत हजरत अरफजा (रजि.) यांची हकीकत आहे. लढाईत त्यांचे नाक गेले, चांदीच्या नाकाला दुर्गंधी येऊ लागली, तेव्हा प्रेषितांनी (स.) सोन्याचे नाक बसवण्यास सांगितले. पुरुषांना सोने वर्ज्य असूनही! गरजेचा उपचार आणि निव्वळ हौस यांत उलमा फरक करतात. आपल्या बाबतीत काय, ते जाणकार आलिमांना विचारावे.

डॉक्टरांना मात्र तीन प्रश्न जरूर विचारा. श्वास कुठे अडतो? शस्त्रक्रियेनंतर आधार कशाचा राहील? कूर्चा कुठून घेणार? नाकाची वाढ पूर्ण होईपर्यंत शक्यतो थांबा. सूज पूर्ण उतरायला वर्षही लागते, म्हणून निकाहची तारीख धरून घाई करू नका.

आपांनी आता स्थळांना थोडे थांबायला सांगितले आहे. भाची तपासणीला जाणार आहे, आणि पहिला प्रश्न ती स्वतः विचारणार आहे.