थांबवले म्हणजे थांबले का?



उसाची नोंद, तोडणीची तारीख, काट्यावरचे भरलेल्या गाडीचे व रिकाम्या गाडीचे वजन, पंधरवड्याचे बिल हे सगळे आता संगणकावर असते. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावे लागतात आणि उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के दराने व्याज द्यावे लागते. अशा कामात ऐन हंगामात हिशेबाचे यंत्र बंद पडून चालत नाही. म्हणून मुख्य यंत्राच्या जोडीला दुसरे राखीव यंत्र ठेवण्याची पद्धत आहे. हे राखीव यंत्र काय करते, आणि त्याला ‘थांब’ म्हटल्यावर ते खरोखर थांबले हे कसे ओळखायचे, एवढाच आजचा विषय. विषय थोडा किचकट आहे, पण प्रश्न आपल्या वजनाचा आणि पैशाचा असल्यामुळे सभासदांना तो माहीत असलेला बरा.

जुन्या हिशेबनिसांची रीत आठवा. व्यवहार आधी कीर्दीत लिहायचा, मग तो खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर मांडायचा. खतावणी फाटली, भिजली तरी कीर्द शाबूत असली की सगळे पुन्हा उभे करता येते. पोस्टग्रेससारखी माहिती सांभाळणारी प्रणाली हेच करते. मुख्य यंत्र प्रत्येक बदल आधी आपल्या कीर्दीत लिहिते, तिला तिथे ‘वॉल’ म्हणतात. त्या कीर्दीची नक्कल तारेवरून राखीव यंत्राकडे जाते आणि राखीव यंत्र ती वाचून आपली खतावणी मांडत राहते. या मांडण्याला ‘रिप्ले’ म्हणतात. कीर्द अशी सतत पाठवत राहण्याची आणि त्याच वेळी राखीव यंत्रावर खाती वाचू देण्याची सोय पोस्टग्रेसमध्ये २०१० साली आली.

म्हणजे राखीव यंत्राची दोन कामे झाली, कीर्द घेणे आणि खतावणी मांडणे. ‘रिप्ले थांबवा’ म्हटले की फक्त दुसरे काम थांबते. कीर्द येतच राहते. हा फरक विसरला की पुढचा सगळा घोटाळा होतो.

आता खतावणी थांबवायची कशाला? एक कारण साधे आहे. पंधरवड्याचा ताळा घ्यायचा असतो आणि आकडे पायाखालून हलायला नको असतात. दुसरे कारण जास्त गंभीर. समजा, घोडेगाव गटातल्या एका सभासदाचे वजन दुरुस्त करायचे होते आणि हुकूम देताना सभासद क्रमांकाची अट घालायची राहून गेली. झाले! सगळ्या गटाची वजने एकाच आकड्याची झाली. मुख्य यंत्राला त्यात काही चूक दिसत नाही, कारण त्याला जे सांगितले ते त्याने केले. राखीव यंत्र बरोबरीने चालत असेल तर तीच चूक क्षणात तिकडेही पोचते. म्हणून राखीव यंत्र मुद्दाम तासभर मागे ठेवण्याची सोय असते. कीर्द लगेच येते, पण खतावणी तासाभराने मांडली जाते. त्या तासात चूक ध्यानात आली आणि खतावणी वेळेवर थांबली, तर जुनी खरी वजने राखीव यंत्रावरून उतरवून घेता येतात. थांबली नाही तर काट्याच्या पावत्या गोळा करीत बसावे लागणार.

तुम्ही म्हणाल, यंत्राला थांब म्हटले की ते थांबणारच की! डिंभे धरणावर दरवाजा बंद केला म्हणून कालव्याच्या शेवटच्या चारीचे पाणी त्याच मिनिटाला आटते का? हे आपल्या जुन्नर-आंबेगावच्या माणसाला शिकवायला नको. इथेही ‘पॉज’चा हुकूम म्हणजे नुसती मागणी असते. खतावणी मांडणारा भाग हातातली नोंद पुरी करतो, पुढची घेण्याआधी मागणी पाहतो, आणि मग थांबतो.

गंमत अशी, की पोस्टग्रेसच्या चौदाव्या आवृत्तीच्या आधी ‘रिप्ले थांबले आहे का?’ असे विचारायची एकच सोय होती, आणि ती मागणी नोंदली गेली की लगेच ‘होय’ म्हणायची. खतावणी प्रत्यक्षात थांबली की नाही, ते तिच्या उत्तरातून कळत नसे. चिठ्ठी शिपायाकडे दिली एवढ्यावरून काम झाले म्हणण्यासारखेच हे. ३० सप्टेंबर २०२१ रोजी आलेल्या चौदाव्या आवृत्तीत ‘पीजी गेट वॉल रिप्ले पॉज स्टेट’ नावाची नवी सोय झाली. ती दिलीप कुमार यांनी केली (हे सिनेमातले नव्हेत बरं का). ती तीनपैकी एक उत्तर देते. ‘नॉट पॉज्ड’ म्हणजे चालू आहे. ‘पॉज रिक्वेस्टेड’ म्हणजे मागणी पोचली, पण अजून थांबलेले नाही. ‘पॉज्ड’ म्हणजे खरोखर थांबले. जुनी सोयही अजून आहे आणि अजूनही मागणीलाच ‘होय’ म्हणते. म्हणून तिच्यावर विसंबू नये.

काहीजण वेगळी युक्ती करतात. खतावणी कितव्या नोंदीपर्यंत आली तो आकडा दोनदा पाहतात आणि तो हलला नाही की ‘थांबले’ म्हणतात. हा पुरावा कच्चा आहे. हंगाम संपल्यावर किंवा काट्यावर गाडीच नसताना कीर्दीत नवीन नोंद येत नाही, तेव्हाही आकडा तसाच राहतो. यापेक्षा फसवा प्रकार आणखी एक आहे. राखीव यंत्रावर कोणी मोठा अहवाल काढत बसला असेल आणि त्याच खात्यावर मोठा फेरफार करणारी नोंद आली असेल, तर खतावणी त्या अहवालासाठी वाट पाहते. ही वाट सहसा ३० सेकंदांची ठरवलेली असते. तेवढा वेळ आकडा जागचा हलत नाही. बघणारा निश्चिंत होतो, आणि मुदत संपली की यंत्र अहवाल तोडून ती हातातली नोंद मांडून टाकते. या सगळ्या वेळात ‘पॉज रिक्वेस्टेड’ हेच उत्तर येत असते. म्हणून आकडा काही म्हणो, ‘पॉज्ड’ हा शब्द दिसल्याशिवाय ताळा घेऊ नये आणि वजने उतरवू नयेत. तो दिसल्यावर आकडा लिहून ठेवावा, कोणत्या क्षणापर्यंतचे हिशेब हाती आले आहेत ते त्यावरून सांगता येते. यंत्र पॉज्ड असेपर्यंत प्रत्येक नव्या प्रश्नाला त्याच एका क्षणाचे चित्र दिसते. एखादा व्यवहार अर्ध्यात असेल तर तो दिसतच नाही, त्यामुळे अर्धवट बिल समोर येण्याचे भय नाही.

थांबवून ठेवण्यालाही मर्यादा आहे. कीर्द येतच असते आणि न मांडलेल्या वह्या डिस्कवर साठत जातात. आवक जोरात असताना राखीव यंत्र थांबलेले विसरले गेले तर डिस्क भरते, आणि मग कीर्द घेणेही बंद पडते. काम झाले की खतावणी पुन्हा चालू करावी, ‘नॉट पॉज्ड’ आले का ते पाहावे, आणि आलेली कीर्द व मांडलेली खतावणी यांतले अंतर कमी होत आहे ना, याकडे लक्ष ठेवावे.

आणि एक गोष्ट कागदावर लिहून यंत्राशेजारी चिकटवण्याजोगी आहे. मुख्य यंत्र बिघडले म्हणून राखीव यंत्राला त्याच्या जागी बढती दिली, तर थांबवण्याची मागणी आपोआप रद्द होते. राखीव यंत्र आधी आलेली सगळी कीर्द मांडून घेते आणि मग मुख्य होते. त्या कीर्दीत ती घोडेगाव गटाची चुकीची दुरुस्तीही असते. म्हणून जुनी वजने बाहेर उतरवून, ती वेगळ्या जागी ठेवून, चार पावत्यांशी ताडून पाहिल्याशिवाय बढतीच्या हुकुमाला हात लावू नये.